साथीच्या दिवसांत स्टाफची आजारी रजा : हॉस्पिटलला खरा खर्च कुठं पडतो?

हिशेबनीस_मिरज

मिरजेतल्या एका खाजगी हॉस्पिटलचा हिशेब आणि पगारपत्रक बघतो. साठेक माणसांचा स्टाफ, आयसीयू आहे, डायलिसिस आहे. नाव विचारू नका. आमच्या गावात बोळाबोळात हॉस्पिटलचा बोर्ड आहे, त्यातलंच एक समजा.

पाऊस लागला की जुलैपासून गणपती उठेपर्यंत आमच्याकडं दोन गोष्टी एकदम वाढतात : तापाचे पेशंट आणि तापलेला स्टाफ. पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये एक लाट येते. लाट ओसरली की मॅनेजमेंट मला विचारतं, "आजारी रजेपोटी किती गेले?" मी आकडा सांगतो, सगळे मान हलवतात, विषय संपतो. माझं म्हणणं आहे की जो आकडा मी सांगतो तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात किरकोळ आकडा आहे.

हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत, आमच्या रजिस्टरमधले नव्हेत.

स्टाफ नर्सचा पगार १८,००० धरा. २६ दिवसांनी भागलं की रोजचे ७०० च्या आसपास. फ्लूनं ती चार दिवस घरी राहिली आणि रजा भरपगारी दिली, तर २,८००. तिच्या जागी दुसरीला डबल ड्युटी लावली तर आणखी तेवढेच. डबलला कुणी तयार नाही म्हणून नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोतून माणूस मागवला आणि ड्युटीमागं १,२०० मोजले तर ४,८००. म्हणजे वाईटात वाईट ७,६०० रुपये. मीटिंगमध्ये दिसतात ते यातले फक्त पहिले २,८००.

आता आयसीयू. एकाच शिफ्टमधल्या दोन सिस्टर एकदम आडव्या झाल्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणं आयसीयूत एका खाटेला एक नर्स हवी. तेवढी आपण कुणीच ठेवत नाही हे सोडा, पण दोन गेल्यावर खाटा बंद ठेवाव्याच लागतात. मग अथणीहून, जमखंडीहून, सांगोल्याहून निघालेली अँब्युलन्स दारातून पुढच्या हॉस्पिटलला जाते. औषधं वगळून एका खाटेमागं दिवसाला ६,००० सुटतात असं धरलं तर दोन खाटा, तीन दिवस, ३६,०००. हे पैसे कुठल्याही खात्यावर दिसत नाहीत, कारण न आलेल्या पेशंटचं बिल कुणी फाडत नाही. शिवाय ठरलेली ऑपरेशनं पुढं ढकलली जातात. गुडघ्याचा पेशंट आठवडाभर थांबतो, बाहेरून येणारा सर्जन थांबत नाही, तो आपली केस दुसरीकडं नेतो.

आणि तिसरा प्रकार. अंगात ताप असताना जी रजा घेतच नाही, तिच्या नावापुढं माझ्या रजिस्टरमध्ये शून्य असतं. चार दिवसांनी त्याच वॉर्डातल्या दोघी पडतात. तो खर्च मी लिहितो, पण भलत्याच नावावर.

तुमच्याकडं काय पद्धत आहे? फ्लूची लस स्टाफला देता का? रजेसाठी जादा माणसं ठेवता का? खरं खरं लिहा, ब्रोशरमधलं नको.

---

नाईटवाली

काका, तिसऱ्या प्रकाराबद्दल मी लिहिते, कारण मी त्यातलीच. सांगलीत आयसीयूला आहे.

ताप आलाय म्हणून फोन केला की पहिला प्रश्न, "किती आहे?" दुसरा, "गोळी घेतलीस का?" तिसरा प्रश्न नसतोच, "मग ये, बसून काम कर" असतं. आयसीयूत बसून कुठलं काम असतं ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही का जातो? पैसे हे एक कारण. बिनपगारी लागली की महिन्याच्या शेवटी हप्ता ओढताना कळतं. पण त्याहून मोठं कारण म्हणजे मी गेले नाही तर जिची नाईट संपलीय तिलाच सकाळची पण करावी लागणार. तिचं पोरगं शाळेला जायचं असतं. तिनं मागच्या महिन्यात माझ्यासाठी डबल केलेली असते. मग क्रोसिन घेऊन, दोन मास्क लावून जायचं, आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तरी कुणी घरी पाठवत नाही, उलट हँडओव्हरला सगळे लांब उभे राहतात.

गणपतीत तर बोलूच नका. गौरी आवाहनाच्या दिवशी खरंच १०२ ताप असला तरी कुणाचा विश्वास बसत नाही. एका मैत्रिणीनं थर्मामीटरचा फोटो पाठवला होता. उत्तर आलं, "गरम पाण्यात धरलास का?"

---

निवृत्त_फिजिशियन

सिस्टर, तुम्ही लिहिलंय ते जगभर असंच आहे. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टर-नर्सची एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ९५ टक्के लोक म्हणाले की आजारी असताना काम केल्यानं पेशंटला धोका होतो. त्याच लोकांपैकी ८३ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात निदान एकदा आजारी असताना ड्युटी केलेली होती. कारणांत सगळ्यात वर होतं, सहकाऱ्यांना अडचणीत टाकायचं नाही. पगार-रजा बरी असलेल्या ठिकाणची ही गत. त्यामुळं "स्टाफला समजावून सांगा" हा उपाय नव्हे. त्यांना आधीच समजलेलं असतं.

फ्लूचं थोडं सांगतो, कारण रजेचे नियम करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण दोन दिवसांत, जास्तीत जास्त चार दिवसांत लक्षणं येतात. लक्षणं यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला देऊ लागतो आणि पुढं पाच ते सात दिवस देत राहतो. पण सगळ्यात जास्त देतो ते पहिल्या तीन दिवसांत. म्हणजे नेमकं "बघू, उतरतोय का" म्हणत माणूस कामावर येतो तेव्हा. स्टीलच्या रेलिंगवर, मॉनिटरच्या बटणांवर विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो. ताप गोळीशिवाय उतरून निदान २४ तास झाले की मगच कामावर, हा साधा नियम आहे. गोळी घेऊन उतरलेला ताप मोजायचा नाही.

पॅरासिटामॉल ताप घालवतं, विषाणू नाही. क्रोसिन घेऊन आलेली सिस्टर वॉर्डात ठणठणीत दिसते आणि म्हणूनच ती जास्त धोक्याची.

---

द्राक्षबाग_तासगाव

मी दवाखान्यातला न्हवं, पेशंटवाला हाय. सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातनं दोनदा. मागच्या पावसाळ्यात टेक्निशियन पोरगा सारखा खोकत हुता. मी म्हणलं, "बाळा, घरी जा की." तो म्हणतोय, "दादा, मी गेलो तर मशीन कोण लावणार, दुसरा आधीच रजेवर हाय." खरंच हुतं त्याचं.

पुढच्या आठवड्यात सासऱ्यांना ताप, मग न्यूमोनिया, मग आयसीयू. त्या पोरामुळंच झालं आसं मी म्हणत न्हाई, सिद्ध कोण करणार. पण हिशेबनीस सायेब, तुमच्या कागदावर आमचं बिल कुठल्या बाजूला धरता? खर्च का उत्पन्न?

---

हिशेबनीस_मिरज

दादा, उत्पन्न. लिहायला बरं वाटत नाही, पण वहीत ते जमेच्याच बाजूला जातं. तुम्ही विचारलंत ते या धाग्यात कुणीतरी विचारायला हवंच होतं.

---

पंधरा_खाटा

विट्याजवळ माझं पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे. मीच मालक, मीच आरएमओ (निवासी डॉक्टर), कधीकधी मीच जनरेटर चालू करणारा. वरची चर्चा मोठ्या हॉस्पिटलांची आहे.

माझ्याकडं चार सिस्टर, वॉर्डातली कामं करणाऱ्या दोन मावशी, एक मामा. एक सिस्टर गेली की पंचवीस टक्के नर्सिंग गेलं. ब्यूरो सांगली-मिरजेत, इकडं खेड्यात रात्रपाळीला कुणी येत नाही. "रजेसाठी जादा माणसं ठेवा" म्हणणं सोपं आहे. आयुष्मान आणि जीवनदायी (आताची महात्मा फुले जनआरोग्य) या सरकारी योजनांच्या पॅकेजमध्ये "सिस्टरला ताप" असं कलम नसतं. दर ठरलेला, क्लेम कधी येईल ते देव जाणे.

आणि एक कडू गोष्ट. भरपगारी आजारी रजा दिली की ती संपवलीच जाते. डिसेंबरात अख्ख्या स्टाफला ताप येतो. मी हे बघितलेलं आहे. रागावू नका.

---

नाईटवाली

डॉक्टर, रागावत नाही. डिसेंबरात ताप का येतो सांगू का? वर्षभर मागून रजा मिळत नाही आणि ३१ तारखेला ती जाते. जुलैत दिली असती तर डिसेंबरात उरली नसती.

---

पीएफ_ईएसआय_वाले

कामगार कायद्याची कामं करतो, सांगली-कुपवाड एमआयडीसीत जास्त, हॉस्पिटलंही काही आहेत. इथं दोन कायदे लक्षात घ्या.

पहिला, महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. २०२५ च्या दुरुस्तीपर्यंत दहा, आता वीस किंवा जास्त कामगार असले की लागू, आणि "आस्थापना" या व्याख्येत हॉस्पिटल, क्लिनिक, प्रसूतिगृह स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यात वर्षाला आठ किरकोळ रजा भरपगारी. त्या एकदम मिळत नाहीत, तिमाहीला दोन-दोन जमा होतात आणि वर्षअखेर न वापरलेल्या बुडतात. सिस्टर म्हणाल्या ते बरोबर, डिसेंबरातला ताप कायद्यातच लिहिलेला आहे. वर्षात २४० दिवस भरले की वीस दिवसांमागं एक अर्जित रजा, ती ४५ पर्यंत साठवता येते. पण "आजारी रजा" म्हणून वेगळं काही नाही. पुष्कळ हॉस्पिटलांच्या नेमणूक पत्रात ती असते, पुष्कळांच्यात नेमणूक पत्रच नसतं.

दुसरा, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. जिथं लागू आहे तिथं २१,००० पर्यंत पगार असलेला कर्मचारी त्यात येतो. २०१७ पासून मर्यादा तीच, पगार मात्र सरकलेत, त्यामुळं अनुभवी सिस्टर बाहेर पडतात. २०१९ पासून मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. म्हणजे १८,००० पगारावर महिन्याला ५८५ अधिक १३५, एकूण ७२० रुपये जातात. त्या बदल्यात आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत.

आता गंमत. आजारपणाचे पहिले दोन दिवस ईएसआय पैसे देत नाही. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांत पुन्हा पडलात तरच ते दोन दिवस धरले जातात. आणि सर्टिफिकेट ईएसआयच्याच डॉक्टरचं लागतं. फ्लूच्या चार दिवसांसाठी अंगात ताप घेऊन दवाखान्याची लाईन धरायची, तर हाती दोन दिवसांचे सत्तर टक्के. कुणी करत नाही. तिसऱ्या दिवशी ताप कमी होतो, माणूस कामावर.

---

निवृत्त_फिजिशियन

थांबा. म्हणजे ज्या दोन दिवसांत संसर्ग सगळ्यात जास्त पसरतो, नेमक्या त्याच दोन दिवसांचे पैसे ईएसआय देत नाही?

---

पीएफ_ईएसआय_वाले

हो. नियम करताना खोटी आजारपणं टाळायची हा हेतू होता. गिरणीत ठीक होतं. सूत कातणाऱ्याच्या तापानं सुताला न्यूमोनिया होत नाही.

---

हिशेबनीस_मिरज

हे मला कुणी आजवर असं एका ओळीत सांगितलं नव्हतं. आता आकडा बघा. ते दोन दिवस हॉस्पिटलनं आपल्या खिशातून भरपगारी द्यायचे. ताप असेल तर सर्टिफिकेट मागायचं नाही, आपल्याच कॅज्युअल्टीत तपासून आरएमओनं सही करायची. माणशी खर्च २ गुणिले ७००, म्हणजे १,४००. साथीत दहा जण पडले तरी १४,०००. वर आयसीयूच्या दोन खाटा तीन दिवस बंद ठेवल्याचे ३६,००० धरले होते. अशी एक वेळ टळली तरी निम्म्याहून जास्त पैसे हातात राहतात.

---

पंधरा_खाटा

आणि आरएमओ मैत्रीत सही देईल त्याचं काय?

---

हिशेबनीस_मिरज

देईल काही वेळा. कॅशमध्येही कधीकधी शंभर-दोनशे कमी भरतात, म्हणून कॅश काउंटर बंद करत नाही. फक्त जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्च, आणि वर्षाला दोनच वेळा, असं बांधून घेता येईल.

---

आठवणीतलं_सिव्हिल

सरकारी रुग्णालयात नोकरी करते, कुठल्या ते सोडा. कागदावर आमच्याकडं सगळं आहे. नैमित्तिक ८, अर्जित ३०, अर्धवेतनी २०, आणि वैद्यकीय दाखला दिला की अर्धवेतनीतल्या दोन दिवसांची एक भरपगारी परिवर्तित रजा. खाजगीतल्या बहिणींनी हेवा करावा असं.

पण रजा मंजूर करणारा माणूस पद रिकामं आहे हे बघून करतो. परिचर्या परिषदेचा निकष आहे, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात जनरल वॉर्डात तीन खाटांना एक आणि त्यावर ३० टक्के रजा-राखीव. ३० टक्के राखीव म्हणजे दहा जणी हव्या असतील तर तेरा नेमायच्या, की तीन जणी कुठंतरी आजारी, बाळंत, ट्रेनिंगला असणारच. आमच्याकडं मूळच्या दहाच भरलेल्या नसतात. मग राखीव कुठून आणायचे? कंत्राटी मुली भरतात, आणि त्यांना रजा म्हणजे काय ते विचारा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते आठवतंय. निम्मा स्टाफ पाण्यापलीकडं अडकलेला. आलेल्या मुली तिथंच झोपल्या, तिथंच जेवल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या महिन्यात त्यातल्याच निम्म्या आजारी पडल्या, तेव्हा कौतुक करणारे "कारणे दाखवा" काढत होते.

---

दंडोबा

इंजिनिअर आहे, दवाखान्याचा संबंध पेशंट म्हणूनच, पण आकडेमोड आवडते. लसीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो, आणि लसीच्या विरोधात बोलतो.

खाजगी बाजारात फ्लूची लस दीड-दोन हजारांना पडते. घाऊक दरात १,५०० धरा. ६० जणांना ९०,०००. आता साथीत स्टाफच्या दहा टक्क्यांना फ्लू होतो असं धरू, म्हणजे सहा जण. लस चांगली जुळली त्या वर्षी साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते, म्हणून निम्मे वाचले म्हणू, तीन जण. हिशेबनीस साहेबांच्या ७,६०० नं तीन जणांचे २२,८००. ९०,००० घालून २२,८०० वाचवायचे? माझ्या कंपनीत असा प्रस्ताव ठेवला तर मलाच रजेवर पाठवतील.

अवांतर : शेजारचे आजोबा म्हणतात, सगळ्या स्टाफला रोज तुळस-आल्याचा काढा द्या, लस कशाला. काढ्याचा खर्च त्यांनी धरलेला नाही.

---

निवृत्त_फिजिशियन

दंडोबा, तुमची आकडेमोड बरोबर आहे. फक्त रजेचे पैसे मोजले तर लस परवडत नाही, हे उघड म्हणणारे कमी असतात. जागतिक आरोग्य संघटना आरोग्य कर्मचाऱ्यांना लसीसाठी प्राधान्य गटात धरते. अमेरिकेत सिएटलच्या एका मोठ्या रुग्णालयानं २००५ मध्ये ती सक्तीची केली. इंग्लंडमध्ये कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचं प्रमाण गाठलं तर रुग्णालयांना जादा निधी देण्याची पद्धत काही वर्षं होती. हे सगळं रजेचे पैसे वाचावेत एवढ्यासाठी नव्हतं, पेशंटचा जीव हा मोठा मुद्दा होता.

पण तुम्ही साठही जणांना एकाच मापानं मोजलंत. बिलिंगला बसणारा मुलगा आणि डायलिसिसचा टेक्निशियन यांच्या तापाची किंमत सारखी नाही. एकानं रजा घेतली तर रांग लांबते. दुसरा तापात कामावर आला तर तासगावच्या दादांच्या सासऱ्यांसारखे पेशंट समोर असतात.

---

हिशेबनीस_मिरज

तेच करून बघितलं आत्ता. आयसीयू, डायलिसिस, लेबर रूम, कॅज्युअल्टी एवढेच धरले तर आमच्यासारख्या ठिकाणी बावीसेक जण होतात. २२ गुणिले १,५००, म्हणजे ३३,०००. खाटा एकदा बंद ठेवण्याचे ३६,००० धरलेत, त्याच्या आत. साठ जणांचा प्रस्ताव मी स्वतःही नाकारला असता. बावीसचा नाकारायला कारण शोधावं लागेल.

---

आठवणीतलं_सिव्हिल

सरकारी आणि निमसरकारी लोकांनी एक लक्षात घ्या. २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत राज्य सरकारनं गरोदर बायका, मधुमेह-रक्तदाबवाले आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी मोफत लस सुरू केली होती. आपल्या जिल्ह्यात यंदा साठा आहे का ते आरोग्य अधिकाऱ्यांकडं विचारा. विचारल्याशिवाय कुणी आणून देत नाही. आणि आली तरी आमच्याच सिस्टर घेत नाहीत, "टोचून ताप येतो" म्हणून. दुसऱ्याला दिवसभर टोचणाऱ्या बायका.

---

मामा_मावशींच्या_बाजूनं

मघापासून वाचतोय, सगळं सिस्टर आणि डॉक्टरांवर चाललंय. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेला, प्रत्येक रेलिंगला, प्रत्येक बेडपॅनला हात लावतं कोण? मावशी. कामावर ठेवलंय कुणी? ठेकेदारानं. तिला रजा? रोजावर आहे, आली तर पैसे. ताप आला तरी ती येणारच, आणि नाही आली तर ठेकेदार दुसरी पाठवतो, जिला दवाखान्याच्या कचऱ्याची लाल पिशवी आणि पिवळी पिशवी यातला फरक माहीत नसतो. हिशेबनीस साहेब, त्या नव्या बाईला सुई टोचली तर तो खर्च कुठल्या रजिस्टरात?

तुमच्या बावीसच्या यादीत मावशी आहेत का, ते सांगा.

---

हिशेबनीस_मिरज

नव्हत्या. ठेकेदाराच्या बिलात एकच ओळ असते, "हाऊसकीपिंग, इतकी माणसं". नावं नसतात. आयसीयू आणि डायलिसिसला नेमून दिलेल्या मावशी-मामा धरले तर यादी तीसच्या आसपास जाईल, म्हणजे ४५,०००. तरीही मांडता येतं. पण ३६,००० च्या आतला तो सोपा मुद्दा गेला, आता दोनदा खाटा बंद पडल्याचं उदाहरण द्यावं लागणार.

---

द्राक्षबाग_तासगाव

द्या की. पावसाळ्यात दोनदा पडतातच.

---

पंधरा_खाटा

मी वर विरोध केला, पण एक लिहितो. आमच्या तालुक्यातले आम्ही चार-पाच लहान हॉस्पिटलवाले क्रिकेट एकत्र खेळतो, पण सिस्टर एकमेकांना देत नाही. माझी सिस्टर शेजाऱ्याकडं दोन रात्री गेली तर तिकडंच राहील ही भीती. सगळ्यांनी मिळून दोन जादा सिस्टर ठेवल्या, पगार वाटून घेतला, आणि ज्याच्याकडं कुणी पडेल तिथं पाठवल्या, तर महिन्याला प्रत्येकाचे सात-आठ हजार. हातातून गेलेल्या एका सीझेरियनच्या केसपेक्षा कमी. भीती जायला मात्र काय करावं ते सुचत नाही.

---

नाईटवाली

सर, पगार बरा ठेवा, जाणार नाही. एवढंच आहे ते.

आणि त्या दोघींना सगळ्या हॉस्पिटलांतल्या क्रॅश कार्टचे (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचे) कप्पे आधी फिरून दाखवा. ब्यूरोची मुलगी रात्री तीन वाजता अ‍ॅड्रेनालिन शोधत असते तेव्हा बारा वर्षांचा अनुभव काही कामाचा नसतो.

---

पीएफ_ईएसआय_वाले

वाटून घेतलेल्या नोकरीत मालक कोण, पीएफ-ईएसआय कुणाच्या कोडवर भरायचं, हे आधी कागदावर आणा. नाहीतर इन्स्पेक्टर पाचही जणांकडं जेवायला येईल.

---

हिशेबनीस_मिरज

डॉक्टरसाहेब, एक शेवटचं. आता साथ चालू आहे. आत्ता लस टोचून उपयोग आहे का, की पुढच्या वर्षीच बघायचं?

---

निवृत्त_फिजिशियन

साथ चालू असेपर्यंत उपयोग आहे, पण टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळं या आठवड्यात तापलेल्या वॉर्डाला ती आत्ता वाचवणार नाही. आत्ता मास्क, हात धुणं आणि पहिले दोन दिवस घरी, एवढंच. ज्यांना झालाच आहे आणि ज्यांना दमा, मधुमेह आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना लगेच दाखवावं. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिव्हिर सुरू करायचंच असेल तर पहिल्या ४८ तासांत केल्यास फायदा जास्त, पाचव्या दिवशी नव्हे.

पुढच्या वर्षासाठी लस एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी टोचून झाली पाहिजे. आपल्याकडं मोठी लाट पावसाळ्यात येते, युरोपसारखी थंडीत नाही. लसीतले विषाणू दरवर्षी बदलतात. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा शिफारस करते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात. एप्रिलमध्ये दक्षिण गोलार्धाची नवी लस मागा. डिस्ट्रिब्युटर मुदत संपत आलेला मागच्या हंगामाचा साठा स्वस्तात देऊ करेल. तो घेऊ नका. आणि दोन ते आठ अंशांची साखळी तुटलेली नाही ना, ते बघून घ्या. लाईट गेल्यावर फ्रीज किती वेळ बंद होता हे विचारणारा माणूस एक तरी हवा.

---

हिशेबनीस_मिरज

एप्रिलमध्ये टोचायची तर ऑर्डर मार्चमध्ये, म्हणजे खर्चाची तरतूद पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये जानेवारीतच घालावी लागेल. दोन दिवसांच्या भरपगारी रजेला मात्र बजेट लागत नाही, सही लागते, ती याच महिन्यात मागतो. सिस्टर, तुमचं पहिलं पोस्ट नाव काढून मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तर चालेल का?

---

नाईटवाली

चालेल. थर्मामीटरचं वगळा, आमच्या इनचार्ज हा धागा वाचतात.

---

मामा_मावशींच्या_बाजूनं

आणि ठेकेदाराच्या मावशींचे ते दोन दिवस? त्यांच्यासाठी सही कुणाची?

---

हिशेबनीस_मिरज

करार मार्चअखेर संपतो. नव्या करारात कलम घालता येईल, दर वाढवून मागेल. किती ते उद्या त्यालाच विचारतो आणि इथं लिहितो.